उंचवट्यापलीकडची जागा

बुर्गलला कुणी पडलेलं चालत नसे. म्हणजे माणसं पडायचीच, बर्फ आहे म्हटल्यावर पडणारच. पण तिच्या खोपटाच्या खिडकीतून दिसेल अशा जागी पडलेली तिला चालत नसत. हिंटरग्राफ गावाच्या स्की-लिफ्टच्या वरच्या टोकाला तिचं खोपटं होतं. फिरत्या दोराला टांगलेले लाकडी दांडे दोघादोघांना कमरेमागून रेटत चढावर आणत, आणि वर पोचल्यावर दांडा सोडून चटकन बाजूला व्हायचं असे. जो व्हायचा नाही त्याच्यासाठी बुर्गलच्या हाताशी एक लाल बटण होतं. ते दाबलं की लिफ्ट थांबे आणि खाली चढावर अडकलेले पन्नास जण एका सुरात कुरकुरत. सव्वीस हिवाळ्यांत आपण ते बटण उगाच एकदाही दाबलं नाही, हे ती कुणी न विचारताही सांगे.

तिचा नवरा आल्फोन्स लाकडाच्या गिरणीत अपघातात गेला तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. टिरोलच्या त्या खोऱ्यात लिफ्टवर बाई ठेवायची पद्धत नव्हती. स्कीशाळेचा मुख्य कासियान प्रांटल लिफ्ट मंडळापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "खोपटं तिला द्या. तिची नजर चांगली आहे." एवढंच. मंडळाने दिलं. त्या उन्हाळ्यात कासियानने स्वतः रंधा मारून एक जाडजूड बाक केला आणि खोपटाच्या उन्हाकडच्या बाजूला ठेवला. तेव्हापासून रोज पावणेअकराला, दोन वर्गांच्या मधल्या वेळात, तो त्या बाकावर टेकायचा आणि बुर्गल खिडकीतून त्याला चहा द्यायची, त्यात चमचाभर रम. बोलणं फारसं नसे. आजचा बर्फ, उद्याचा वारा, गुडघे. डोंगरावर झाडं संपतात ती रेघ ओलांडली की त्या भागात सगळे एकमेकांना "तू" म्हणतात, पाद्रीबाबांनासुद्धा. त्यामुळे एवढा मोठा कासियानही तिला वर "तू"च होता.

मग फळ्या आल्या.

पहिल्या हिवाळ्यात एकच फळीवाला होता, शहरातून आलेला, आणि सगळे त्याला हसले. चौथ्या हिवाळ्यात तीस झाले आणि हसू आटलं. दोन पाय दोन स्कीवर ठेवून समोर बघत उतरायचं, हे गावाने तीन पिढ्या केलं होतं. ही पोरं एकाच रुंद फळीवर दोन्ही पाय आडवे बांधून, एक खांदा पुढे करून उतरत, अर्ध्या जगाकडे पाठ करून. स्कीवाले म्हणत, हे उतारावरचा बर्फ खरवडून नेतात. फळीवाले म्हणत, म्हाताऱ्यांना उतार बापजाद्यांचा वाटतो. लिफ्टच्या रांगेत रोज काहीतरी चाले.

"काय रे, इस्त्रीचं टेबल घेऊन कुठे निघालास?"

"आजोबा, काठ्या सांभाळा. घरी जायला लागतील."

तोवर ठीक होतं. जानेवारीत कुणीतरी खानावळीबाहेर ठेवलेल्या चार फळ्यांचे पट्टे चाकूने कापले. दुसऱ्या दिवशी स्कीशाळेची रंगीत निशाणं बर्फात पुरलेली सापडली. त्यानंतर कुणी थट्टा करेना, आणि ते बुर्गलला जास्त वाईट वाटलं.

या सगळ्यांत फेरेना होती. बेकरीवाल्याची मुलगी, एकोणीस वर्षांची. लहानपणी ती कासियानच्याच वर्गात होती आणि शाळेच्या शर्यतीत तीनदा पहिली आली होती. दोन वर्षांपूर्वी तिने स्की माळ्यावर टाकले आणि फळी घेतली. कासियान त्यावर कधी बोलला नाही, पण त्याने त्या बेकरीतला पाव बंद केला. फेरेना मात्र सकाळच्या पहिल्या दांड्याने वर येताना बुर्गलसाठी खिशात दोन गरम पाव आणायची. "मावशी, खिडकी उघड. बोटं भाजतायत."

फळीवाल्यांची एक अडचण होती. दांड्याला धरून वर येताना एकच पाय फळीला बांधलेला असतो, दुसरा मोकळा. वर पोचल्यावर तो बांधायला खाली बसावं लागतं. ते बसत ते नेमके खोपटासमोर, दांडा सुटतो तिथेच. एके दिवशी कासियान चहा पिता पिता म्हणाला, "बुर्गल, तुझं अंगण म्हणजे रेल्वेची वेटिंग रूम झालंय. माझी पोरं यांच्या अंगावर पडतात. काहीतरी कर."

बुर्गल बाहेर गेली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "उठा सगळे. इथे बसायचं नाही. त्या उंचवट्यापलीकडे जाऊन बसा, मला दिसणार नाही तिथे." आणि ते विसरतील म्हणून तिने हेझलच्या झुडपाची एक काठी त्या बाजूला रोवली आणि टोकाला लाल फडकं खिळ्याने ठोकलं. पोरांनी ऐकलं. खोपटापुढची जागा मोकळी झाली. कासियान म्हणाला, "बघ, तुझंच ऐकतात." तिला त्या दिवशी बरं वाटलं होतं.

उंचवट्याच्या पलीकडे काय आहे ते वरून येणाऱ्याला दिसत नाही. सव्वीस वर्षं रोज तिथून उतरणाऱ्या बुर्गलला हे पाठ होतं. पण ती दिवसभराचं काम आटोपून सर्वांच्या शेवटी, सावकाश उतरायची. तेव्हा तिथे कुणी बसलेलं नसे. आणि कासियान अकराच्या सुमाराला तिथून जाई तेव्हा फळीवाले खाली खानावळीत गेलेले असत.

फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी कासियानला उशीर झाला होता. त्याने अर्धा चहा तसाच ठेवला, स्की चढवले आणि चाळीस वर्षं जातो तसा उंचवट्यावरून सरळ गेला. बुर्गलने त्याची पाठ दिसेनाशी होताना पाहिली. मग आवाज आला. फार मोठा नव्हता. लाकडावर लाकूड पडल्यासारखा.

तिने लाल बटण दाबलं आणि धावली.

फेरेना बसल्या जागीच आडवी झाली होती. एक पाय पट्ट्यात, दुसरा गुडघ्याखाली नको त्या दिशेला वळलेला. कासियान चार हातांच्या अंतरावर टोपीशिवाय बसला होता आणि ओठातून रक्त येत होतं. "गाईसारखी बसली होती," तो म्हणाला. "मधोमध. गाईसारखी." तो दोन्ही हात बर्फात खुपसत होता.

बचाववाले घसरगाडी घेऊन आले. फेरेनाला बांधत असताना बुर्गलने तिच्या गळ्याभोवती स्वतःची शाल गुंडाळली. पोरीचे ओठ पांढरे पडले होते. ती हळूच म्हणाली, "मावशी, मी तिथेच बसले होते. तू सांगितलंस तिथेच."

"बोलू नकोस," बुर्गल म्हणाली. "घशात थंडी जाईल."

त्या दिवशी उतरण्याआधी तिने काठी उपटली आणि खोपटामागे सरपणात ठेवली. का, ते तिने स्वतःलाही नीट विचारलं नाही.

शनिवारी संध्याकाळी मंडळाची सभा ठरली. एकच विषय: लिफ्टवर फळ्या बंद. मधल्या शुक्रवारी कासियान पावणेअकराला नेहमीसारखा आला. ओठावर टाका होता. "तुला बोलावतील," तो म्हणाला. "काय पाहिलंस एवढंच विचारतील. जे पाहिलंस ते सांग."

"मी टक्कर पाहिली नाही."

"तेच सांग. खरं ते सांगायचं."

तो गेल्यावर फळीवाल्यांची एक जोडी वर आली. दोघं दांडा सोडून उभे राहिले, एक पाय मोकळा, एक बांधलेला, बगळ्यासारखे. त्यातला उंच होता तो म्हणाला, "मावशी, आता बसायचं कुठे?"

बुर्गलने खिडकी लावून घेतली.

शनिवारी रस्त्यावर बर्फाची काच झाली होती. घरातून निघताना तिने हातात ती काठी घेतली. घसरायला नको म्हणून, असं तिने मनाशी म्हटलं. लाल फडकं मात्र तिने खिळ्यावरून सोडवून कोटाच्या खिशात घातलं होतं, आणि त्यासाठी घसरण्याची सबब चालत नव्हती.

अग्निशामकांच्या हॉलमध्ये मंडळाचे सतरा जण लांब टेबलाशी बसले होते. अध्यक्ष माइनराड, खानावळीचा मालक, त्याच्यासमोर कागद. भिंतीशी फळीवाले उभे, ओल्या टोप्या हातात. फेरेनाचा बाप दाराजवळ बसला होता आणि कुणाकडेच बघत नव्हता.

कासियान उभा राहून बोलला. तो चांगलं बोलायचा. आपण फळीच्या विरुद्ध नाही. पण उताराला एक शिस्त असते, आणि ज्यांना ती नको त्यांनी दुसरा डोंगर बघावा. आज पाय मोडला, उद्या लहान मूल जाईल. टेबलावर माना हलल्या.

भिंतीजवळचा तो उंच मुलगा म्हणाला, "आम्हाला तिथे बसायला सांगितलं होतं."

"कुणी?" माइनराडने विचारलं.

"बुर्गलमावशीने."

हॉलमध्ये हसू पसरलं. कुणीतरी म्हणालं, "आता म्हातारीवर ढकला."

"थांबा," माइनराड म्हणाला. "बुर्गल, हे म्हणतात ते खरं आहे का?"

कासियान तिच्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, खात्री होती. सव्वीस वर्षांची खात्री. खोपटाचा करार दर हंगामाला नवा होतो आणि तो हेच सतरा जण करतात, हे तिला त्या क्षणी आठवलं. कासियानला मात्र ते आठवलेलं दिसत नव्हतं, आणि त्यामुळेच तिला त्याच्याकडे बघवेना.

ती उठली. खिशातून फडकं काढलं, काठीच्या टोकाच्या खिळ्याला अडकवलं आणि काठी टेबलावर आडवी ठेवली. बिअरचे पेले बाजूला सरकवावे लागले.

"ही मी रोवली होती," ती म्हणाली. "जानेवारीत. माझ्या खिडकीसमोर ते नको होते म्हणून त्यांना उंचवट्यापलीकडे बसा म्हटलं. ते बसले. ती पोरगी दीड महिना मी सांगितलं तिथेच बसत होती. गुरुवारी संध्याकाळी मी काठी उपटली, कुणी बघायच्या आत."

माइनराडने हातातला कागद खाली ठेवला.

"पण बुर्गल," माइनराड म्हणाला, "तिथून दिसत नाही, हे तुला..."

"ठाऊक आहे. म्हणून तर दिसणार नाही तिथे पाठवलं."

कासियान म्हणाला, "मी जातो तेव्हा तिथे कधी कुणी नसतं. चाळीस वर्षांत कुणी बसलेलं नाही. मी कसं समजणार?" आणि मग, वरचं "तू" सोडून, खाली गावात परक्या बाईशी बोलावं तसं: "तुम्ही मला सांगायला हवं होतं, बाई."

"हवं होतं," ती म्हणाली. "रोज चहा देताना सांगता आलं असतं. आणि वरून येणाऱ्याने पुढे बघायचं, हे तू पाच वर्षांच्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतोस कासियान. तू बघितलं नाहीस, मी सांगितलं नाही. ती फक्त बसली होती."

ती बसली. काठी परत घ्यायची तिला आठवण राहिली नाही.

हात वर झाले. फळ्या बंद कराव्यात असं आठ जणांचं मत पडलं, राहाव्यात असं नऊ जणांचं. माइनराडने ते दोनदा मोजलं. मग कागद गोळा करता करता, वर न बघता म्हणाला, "खोपटाचं वसंतात बघू." बाहेर पडताना फेरेनाच्या बापाने तिच्यासाठी दार धरून ठेवलं. "पोरीच्या पायात खिळे घातलेत," तो म्हणाला. तिला माफ केलं असं काही तो म्हणाला नाही, आणि तिने ते अपेक्षिलंही नव्हतं.

रविवारी ती नेहमीपेक्षा तासभर आधी वर गेली. बाक बर्फात रुतून गोठला होता. फावड्याने मोकळा करायला वेळ लागला. मग कधी एक टोक, कधी दुसरं टोक उचलत तिने तो खोपटाला वळसा घालून दांड्यापासून वीस पावलं बाजूला नेला, जिथून तो वरून, खालून आणि तिच्या खिडकीतूनही दिसत होता. तिथे सकाळी ऊन नसतं. ते तिला आवडलं नाही, पण दुसरी जागा नव्हती.

नऊनंतर फळीवाले यायला लागले. बाकाकडे बघून आधी घुटमळले. ती खिडकीतून म्हणाली, "बसा की. काय आमंत्रण छापू?" मग बसले, चौघं, वाकून पट्टे आवळत. दोन स्कीवाल्या बायका जाताना मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या, "आता सिंहासन मिळालं." बाकावरचे चौघं पट्टे आवळत राहिले.

पावणेअकराला कासियान आला. उन्हाकडच्या बाजूला गेला आणि उभा राहिला. भिंतीशी बर्फात बाकाच्या चार पायांचे चौकोनी खड्डे होते. त्याने ते पाहिले. मग वळून त्या चौघांकडे पाहिलं, आपण रंधा मारलेल्या फळकुटावर बसलेल्या. उंच मुलगा अर्धवट उठला.

"बस," कासियान म्हणाला. "पट्टा नीट आवळ."

बुर्गलने चहा खिडकीच्या कठड्यावर ठेवला. वाफ निघत होती. त्याने पेल्याकडे पाहिलं, हातमोजे चढवले आणि काठ्या घेतल्या. चहाला हात लावला नाही. तिने खिडकी उघडीच ठेवली. थंडी आत येत राहिली.

तो उंचवट्याकडे सरकला, नेहमीच्या सरळ रेषेत. अगदी माथ्यावर पोचल्यावर त्याने स्की आडवे केले आणि थांबला. सव्वीस वर्षांत तिथे तो थांबलेला तिने पाहिला नव्हता. तो वाकून पलीकडे बघत राहिला, बराच वेळ, जणू तिथे अजून कुणी बसलेलं असेल. मग सावकाश, एका बाजूने, खाली गेला.

चहावर पातळ साय धरली. तिने तो ओतून दिला, पेला धुतला आणि दुसऱ्या दिवसासाठी पुन्हा कठड्याजवळ पालथा घातला.