एक तोंडाचा, एक हाताचा

"बसून न्हाई कळत. उठा."

बाईंच्या वर्गाची सुरुवात नेहमी या वाक्याने व्हायची. समोर आम्ही सगळे बास्केटबॉलचे पंच. कुणी केजचा, कुणी परळीचा, कुणी धारूरचा. बहुतेक शाळामास्तर, पोटं थोडी सुटलेली, एसटीने किंवा जीपने धक्के खात आलेले. आता जरा खुर्चीत टेकावं, तेवढ्यात बाई खुर्च्या भिंतीला लावायला सांगायच्या.

बाई मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. राहायच्या केजजवळच्या एका गावात. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारला. नंतर त्या सासरीच राहिल्या, धाकट्या दिराच्या कुटुंबात. दीर शेती बघायचा, बाई नोकरी करायच्या. दरवर्षी हंगाम सुरू होण्याआधी बास्केटबॉलच्या नियमांत जे काही बदललं असेल ते जिल्ह्यातल्या पंचांना समजावून सांगायचं काम त्यांच्याकडे होतं. ते त्यांना कुणी दिलं, कधी दिलं, मला माहीत नाही. मी पंचगिरीत आलो तेव्हा ते त्यांचंच होतं.

तुम्ही नियम सांगणारी माणसं पाहिली असतील. ती वाचून दाखवतात. बाई कधी वाचून दाखवत नसत. त्या नियम अंगावर घालायच्या.

मी सांगतो आहे तो वर्ग दुष्काळाच्या साली भरला होता. सहकारी साखर कारखान्याच्या सभागृहात. कारखाना त्या वर्षी पेटलाच नव्हता, कारण गाळायला ऊस नव्हता. जो काही वाळका ऊस होता तो जनावरांच्या तोंडी चालला होता. सभागृहाच्या खिडकीतून समोरच्या मैदानातली चारा छावणी दिसायची. कारखान्यानेच ती उघडली होती. जुन्या साड्या आणि ताडपत्र्या बांधून केलेल्या सावलीत ओळीने जनावरं, आणि त्यांच्याबरोबर राहायला आलेली गावोगावची माणसं. बाईंचे दोन बैल आणि एक गाभण गायही तिथेच होती. दीर त्यांच्यासोबत छावणीत मुक्कामाला होता. वर्गाला येण्याआधी बाई गाईजवळ जाऊन आल्या असाव्यात, कारण त्यांच्या ओढणीला उसाच्या वाढ्याचं कूस चिकटलेलं होतं.

"यंदा एकच बदल नीट ध्यानात ठेवा," बाई म्हणाल्या. "खेळाडू तोंडानं चुकला, पंचाला उलट बोलला, शिवी दिली, तर आपण टेक्निकल देतो. हातानं चुकला, बॉलकडं न बघता माणसाला मागून ओढलं, तर अनस्पोर्ट देतो. आजवर तोंडाचे दोन झाले तर बाहेर, हाताचे दोन झाले तर बाहेर. आता एक तोंडाचा आन एक हाताचा झाला, तरी बाहेर."

धारूरचे एक सर होते. वयाने आमच्यात सगळ्यांत मोठे, अंगानेही. त्यांना कुठलाही नवा नियम पटायचा नाही.

"बाई, हे आमच्या टाळक्यात न्हाई बसत. दोन येगळे गुन्हे. एकत्र कावून मोजायचे?"

"उठा."

"मी उभाच हाय."

"मग हा घ्या बॉल आन पळा."

धारूरकर सर बॉल घेऊन खुर्च्यांमधून पळाले. बाईंनी मागून त्यांच्या शर्टाची कॉलर धरून असा हिसका दिला की सर मटकन खाली बसले. सभागृह हसायला लागलं.

"हसू नका. ह्यो कुठला फाऊल?"

"अनस्पोर्ट," आम्ही म्हणालो.

"आता सर, तुमी मला उलट बोला."

"बोलतोच की! ही काय रीत झाली?"

"ह्यो टेक्निकल," बाई म्हणाल्या. "एकाच माणसानं दोन्ही केले, तर तो खेळायला आलेला न्हाई. त्याला घरी पाठवा."

तेवढ्यात चेअरमनसाहेब आले. कारखान्याचे चेअरमन तेच आणि छावणीही त्यांच्याच ताब्यात. दुष्काळातही कारखान्याची वार्षिक स्पर्धा त्यांनी रद्द केली नव्हती. छावणीतल्या लोकांचं मन रमेल, असं ते म्हणत. संचालक मंडळाची निवडणूक तोंडावर होती, हे कुणी म्हणत नसे. त्यांनी दारात उभं राहून थोडा वेळ ऐकलं आणि मग शांतपणे म्हणाले, "बाई, नवीन नियम चांगलाच हाय. पण यंदा जरा सबुरीनं घ्या. लोक आधीच लई ताणलेले हायत. पुढल्या साली लागू करू."

बाईंनी मान खाली घातली. आम्हाला वाटलं, त्या हो म्हणणार.

"हंगाम सुरू झाला की लागू होतो, साहेब," त्या म्हणाल्या. "मला मागंपुढं करता येत न्हाई."

साहेब हसले आणि गेले. ते हसणं आम्हा कुणालाच आवडलं नाही. कारखान्याच्या संघाचा कप्तान साहेबांचा पुतण्या होता. पोरगं खेळायला खरंच चांगलं, उंच, हाताचं नेमकं, पण डोकं तापट. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनाही.

अंतिम सामना कारखाना आणि परळी यांच्यात झाला. मुख्य पंच बाई, दुसरे पंच धारूरकर सर आणि टेबलावर गुण लिहायला मी. कारखान्याच्या वसाहतीतलं ते सिमेंटचं मैदान चांगल्या दिवसांत बांधलेलं. त्याच्या तिन्ही बाजूंना छावणीतली माणसं दाटीने बसली होती. बाया पदर डोक्यावर घेऊन, म्हातारे काठी मांडीवर आडवी ठेवून. शेणाचा, वाळल्या वाढ्यांचा आणि धुळीचा वास. चौथ्या बाजूला मंडप, त्यात साहेब आणि संचालक.

पूर्वार्धातच पहिला प्रकार घडला. पुतण्याने बॉल घेऊन जास्त पावलं टाकली, बाईंनी शिट्टी मारली. तो बाईंच्या अंगावर गेला.

"बाई, घरी जाऊन भाकरी थापा!"

मंडपातले काही जण हसले. बाईंनी एका हाताचा पंजा दुसऱ्या हाताच्या बोटांवर आडवा ठेवला. टेक्निकल. मी त्याच्या नावापुढे खूण केली. बाईंच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. गर्दीच्या कडेला त्यांचा दीर उभा होता. त्याने मान फिरवली, एवढं मला दिसलं.

सामना चुरशीचा झाला. शेवटच्या डावात कारखाना जेमतेम एका गुणाने पुढे. परळीच्या एका किडकिडीत पोराने बॉल पळवला. पुढे कुणी नाही, मोकळं मैदान. तो उडणार एवढ्यात पुतण्याने मागून त्याचा बनियन धरून ओढला. पोरगं सिमेंटवर आडवं पडलं आणि घसरत गेलं.

बाईंची शिट्टी वाजली. त्यांनी डोक्यावर हात नेऊन एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं. अनस्पोर्ट. मग त्या टेबलाजवळ आल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीतल्या खुणेवर बोट ठेवलं.

"टेक्निकल होता," मी कसाबसा म्हणालो.

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. वळल्या आणि दोन्ही मुठी वर केल्या. बाहेर.

आधी कुणाला काही समजलंच नाही. मग कारखान्याचा प्रशिक्षक धावत आला. असा नियमच नाही, तो ओरडत होता. पुतण्या मैदानाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"न्हाई जाणार. कोण काढतंय बघतो."

"तू गेल्याबिगर बॉल हलणार न्हाई," बाई म्हणाल्या. "आन बॉल हलला न्हाई, तर सामना परळीचा."

तेव्हा साहेब मंडपातून उठले. सावकाश चालत माझ्या टेबलापर्यंत आले. त्यांनी आवाज अजिबात चढवला नाही. मी अगदी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं.

"बाई, तुमची जनावरं आपल्याच छावणीत हायत ना?"

"हायत, साहेब."

"गाय गाभण हाय म्हणं."

"हाय."

"मग?"

शिट्टीची दोरी बाईंनी बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली.

"ती खेळत न्हाईत, साहेब," त्या म्हणाल्या.

पुढे काय झालं असतं, सांगता येत नाही. धारूरकर सर मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून धापा टाकत आले आणि बाईंच्या शेजारी उभे राहिले.

"नियम तसाच हाय, साहेब. मला सोताला आपटून शिकवलाय."

कुणीतरी फिसकन हसलं. पुतण्याचं टाळकं सटकलं. त्याने बाकाजवळ येऊन पाण्याच्या जारला लाथ मारली. जार उलटला, आणि पाणी सिमेंटवरून धुळीत वाहत गेलं.

सगळी गर्दी एकदम उठून उभी राहिली. कुणी ओरडलं नाही. पुढच्या रांगेतली एक म्हातारी फक्त म्हणाली, "आरं लेकरा, पानी सांडलं की रं."

त्या माणसांनी सकाळपासून टँकरची वाट पाहिली होती. ती सगळी आता पुतण्याकडे बघत होती. साहेबांनी गर्दीवरून एकदा नजर फिरवली आणि पुतण्याला बोटाने खूण केली. तो खाली मान घालून गेला.

परळीच्या पोराने रक्ताळलेल्या कोपराने फ्री थ्रो टाकले. सामना परळीने जिंकला. बक्षीस देताना साहेबांनी बाईंना हात जोडून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी छावणीच्या मुकादमाने दिराला सांगितलं, तुमचं गाव या छावणीच्या हद्दीत बसत नाही, जनावरं हलवा. इतके दिवस ते बसत होतं. बाई शाळेतून रजा काढून आल्या, मीही गेलो. दीर दावी सोडत होता. बाईंकडे न बघता तो एवढंच बोलला, "वैनी, तुमच्या शिट्टीपायी."

बाई गाईच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. घरी चारा नव्हता, विहीर कोरडी होती. दुसऱ्या छावण्या भरलेल्या. न्यायचं कुठे, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

दुपारी एक पिकअप येऊन थांबली. पुढून धारूरकर सर उतरले. त्यांच्या शेताला डोंगराचा झरा होता, बारीक का होईना चालू होता.

"चढवा जनावरं," ते म्हणाले. "आन बाई, एक सांगून ठेवतो. तो नियम मला अजून पटलेला न्हाई."

त्या दिवशी बाई पहिल्यांदा हसल्या, आणि हसता हसता तोंड फिरवून त्यांनी डोळे पुसले.

बैल जगले. गाय मात्र अपुऱ्या चाऱ्यावर पाऊस पडायच्या आधीच गेली, पोटातल्या वासरासकट. त्यानंतर दीर बाईंशी बोलेनासा झाला. घर एक, चूल एक, पण निरोप पोरांच्या तोंडून. "वैनीला म्हणाव, जेवाया वाढलंय." हे वर्षानुवर्षं चाललं.

मी एकदा बाईंना विचारलं, पस्तावा होतो का? त्या म्हणाल्या, "गाईचा रोज होतो."

पुढच्या हंगामात नियमांच्या वर्गाला बाईंना बोलावणं आलं नाही. कारण कुणी दिलं नाही, कुणी मागितलंही नाही. मग एका रविवारी धारूरकर सरांनी आम्हाला गोळा करून बाईंच्या गावी नेलं. बाईंनी घराशेजारच्या रिकाम्या खळ्यावर आम्हाला पळवलं, ओढलं, पाडलं. दीर गोठ्याच्या दारात उभा राहून लांबून बघत होता. तो जवळ आला नाही आणि आतही गेला नाही. मग दरवर्षी हंगामाआधी आम्ही तसेच जात राहिलो.

निवृत्तीनंतर बाई फार दिवस राहिल्या नाहीत. अंबाजोगाईच्या दवाखान्यात थोडे दिवस होत्या, तिथेच गेल्या. मी भेटायला गावी गेलो, तेव्हा दीर ओसरीवर एकटाच बसला होता. पाणी झालं, चहा झाला. मी उठायला लागलो तसा तो म्हणाला, "मास्तर, एक इचारू? त्या साली त्या पोराला वैनीनं भाईर काढलं, ते कावून काढलं? मला कुणी नीट सांगितलंच न्हाई."

मी सांगितलं. त्याने पुन्हा सांगायला लावलं. मी उठलो, अंगणात उभा राहिलो आणि मागून कसं ओढलं ते करून दाखवलं.

"सोडून देता आलं असतं का?"

"आलं असतं," मी म्हणालो. "नियम नवा होता. आम्ही तिघं आणि साहेब सोडले तर तिथं कुणाला माहीत नव्हता. कुणी काही बोललं नसतं."

तो जमिनीकडे बघत राहिला.

"मला वाटलं, मानापायी केलं. ते पोरगं भाकरीचं बोललं म्हणून."

"नाही. त्याची शिक्षा तेव्हाच देऊन झाली होती."

"परळीचं पोरगं लई लागलं व्हतं का?"

"कोपर सोलला होता."

"वैनी कधी बोलल्या न्हाईत," तो म्हणाला. मग थांबून, "मी बी इचारलं न्हाई."

ओसरीच्या कडेला बाईंचे पांढरे कॅनव्हासचे बूट उन्हात पडले होते. तो उठला. बूट उचलून त्याने एकमेकांवर आपटले, तळाची माती झाडली, नाड्या आत खोचल्या आणि ते दोन्ही हातांत धरून घरात गेला.