ऐनाची राखलेली फांदी

गारगोटीच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीत गुंडूसारखा फांद्या तोडणारा दुसरा कोणी नव्हता. भाताचं रोप टाकण्याआधी तोडलेल्या फांद्या नि पालापाचोळा जाळून जमीन भाजतात. त्या राबासाठी गुंडू ऐनावर चढला की झाड पार बोडकं करूनच उतरायचा. बायको बनाबाई दरवर्षी सांगायची, "अवं, एकमेकांस्नी लागल्याल्या फांद्या तेवढ्या ऱ्हाऊ द्या की! लाजवंती त्यावरनंच जाती."

लाजवंती म्हणजे ओंजळीत मावेल एवढं, बिनशेपटीचं, बटबटीत डोळ्यांचं जनावर. दिवसभर पानांत मुटकुळं करून झोपायचं आणि अंधार पडला की किडे टिपत फांदीवरून फांदीवर सावकाश सरकायचं. उडी मारणं त्याला जमतच नाही. गुंडूला हे ठाऊक होतं, पण गर्वाला कान नसतात.

"त्येच्यासाठी राब कमी घालू व्हय?" तो खेकसायचा.

एका दुपारी तोडलेल्या फांदीबरोबर लाजवंतीचं पिल्लू खाली आलं. आई कुठं दिसेना. पिल्लानं गुंडूचं बोट घट्ट धरलं, तेव्हा त्या रांगड्या गड्यानं कोयता बाजूला ठेवला. दुधावाचून हे जगायचं नाही, आईकडे पोचलंच पाहिजे. ज्या झाडाचं त्याच झाडावर, असा विचार करून त्यानं ते ऐनाच्या वरच्या बेचक्यात ठेवलं आणि बनाबाईला हाक मारून दोघं बांधावर वाट बघत बसली.

दिवेलागणीला शेजारच्या किंजळाच्या झाडावरून बारीक शीळ आली. पिल्लानं चिरकत ओ दिली. आई फांदीच्या टोकाला आली, हात लांबवला. पुढं धरायला काहीच नव्हतं. मधल्या फांद्या गुंडूनंच तर दिवसा उतरवल्या होत्या! मग ती बुंध्यावरून खाली उतरली आणि धडपडत जमिनीवरून निघाली.

"आली बघ, आली!" गुंडू हरखून म्हणाला.

त्याचं कुत्रं सावलीसारखं त्याच्या मागं असायचं. ते बांधायचं दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. त्यानं एकाच झेपेत तिला तोंडात धरलं. गुंडू ओरडत धावला, पण तोवर सगळं संपलं होतं.

बनाबाईनं कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजून पाहिलं. पिल्लू गुंडूची बाही धरून राहिलं आणि दुसऱ्या दिवशी तसंच गेलं. गुंडू लहान पोरासारखा रडला.

आता तो ऐनाची किंजळाला लागलेली एक फांदी राखतो. वाडीतले लोक हसतात, "काय गुंडूआण्णा, हात थकला व्हय?"

"जाऊ दे की तिला तिकडनं," तो म्हणतो.

त्या फांदीवरून अजून कुणी गेलेलं नाही.