आबांनी बसवलेला हॉर्न

वॉरंटी हा शब्द ऐकला की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी इंदापूरच्या एका हायस्कुलात शिकवत होते, नवरा माळेगावच्या साखर कारखान्यात नोकरीला, आणि राहायला आम्ही बारामतीत. वर्षानुवर्षं एसटीने इंदापूर केल्यावर मी गाडी घेतली. ‘मी घेतली’ असं मुद्दाम लिहिते, कारण गाडी माझ्या नावावर होती, हप्ता माझ्या पगारातून जाणार होता आणि चालवायलाही मीच शिकले होते. नवऱ्याला गिअर टाकताना घाम फुटायचा. तरी पुण्याच्या शोरूममधला सेल्समन सगळा वेळ त्याच्याकडेच तोंड करून बोलला. प्रश्न मी विचारत होते आणि उत्तर त्याला मिळत होतं.

कंपनीची वॉरंटी एका वर्षाची. सेल्समनने तिच्यावर आणखी दोन वर्षांची वाढीव वॉरंटी बिलात परस्पर लावून टाकली आणि मग अटी सांगितल्या. नको वाटली तर पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत परत करा, पैसे मिळतील. ठेवलीत तर गाडीला बाहेरचा हात लागता कामा नये, काहीही बिघडलं तरी पुण्याला कंपनीच्या वर्कशॉपमध्येच आणायची. नवऱ्याला ही अट जाचक वाटली. मला नेमकी तीच आवडली.

त्याचं कारण बारामतीतला आमचा मिस्त्री. वडगाव निंबाळकरला माझे थोरले दीर शेती बघत, घरात सगळे त्यांना आबा म्हणत. आबांच्या ट्रॅक्टरपासून पुतण्यांच्या मोटारसायकलींपर्यंत सगळं या मिस्त्रीकडे. त्याच्या हाताला गुण होता, ते मी नाकारत नाही. पण मी माझी मोपेड घेऊन गेले की तो माझ्या खांद्यावरून मागे बघायचा, बरोबर कोण आहे म्हणून. कोणी नसलं की म्हणायचा, “सायबांना लावून द्या, मग बघू.” मोपेड चढाला दम तोडते, एवढं सांगायला नवऱ्याला रजा काढावी लागायची. तो जाऊन मी पढवलेलंच बोलायचा आणि संध्याकाळी मोपेड तयार. वर मिस्त्री त्याला म्हणणार, बरं झालं तुम्ही आलात, बाईंना काही सांगता आलं नसतं.

म्हणजे वाढीव वॉरंटी ठेवली तर मला तीन वर्षं त्या दारात उभं राहावं लागणार नव्हतं. गाडीला काही झालं की मी न्यायची, मी सांगायचं, मी सही करायची. एवढंच मला हवं होतं आणि ते फार आहे असं मला अजूनही वाटत नाही.

गाडी आणली त्या रविवारी आम्ही वडगावला गेलो. विहारासमोर गाडी उभी केली, त्रिसरण-पंचशील झालं, पेढे वाटले. लिंबू-मिरची आमच्या घरात सासऱ्यांच्या काळातच बंद झाली होती. पण नव्या गाडीला मिस्त्रीचा हात लावून आणायची रीत आबांनी नेमाने पाळली होती. त्याने काहीतरी खोलून काहीतरी बसवून दिल्याशिवाय गाडी घरची झाली असं त्यांना वाटतच नसे. घरातून लिंबू गेलं, मिस्त्री काही गेला नाही.

जेवणं झाल्यावर वॉरंटीचा विषय निघाला. मी अट सांगितली. आबांना तो घरच्या माणसाचा अपमान वाटला.

“इंदापूरच्या रस्त्याला गाडी बंद पडली तर तुमचा कागुद येनार हाय का तितं?” ते नवऱ्याला म्हणाले. “मिस्त्री येईल. परत करून टाका ते.”

बोलण्यात तथ्य होतं. मी म्हणाले, बंद पडली तर ट्रकमागे बांधून पुण्याला नेईन, पण वॉरंटी ठेवणार. नवरा म्हणाला, बघू. त्याचं सगळं आयुष्य या ‘बघू’वर चाललं होतं. निघताना त्याने गाडीची दुसरी चावी आबांच्या हातात दिली. घरच्या गाडीची एक चावी घरी असावी म्हणे. मला विचारलंही नाही.

पुढच्याच आठवड्यात, पाहुण्यांना दाखवून आणतो म्हणून आबा गाडी घेऊन गेले. स्वतःची नवी गाडी असताना मी पुन्हा एसटीच्या दांडीला लोंबकळत इंदापूरला गेले. संध्याकाळी घरी येते तो दारात गाडी, भोवती आळीतली पोरं, आणि गाडी गाणं म्हणतेय. आबांनी स्वखर्चाने सुरांचा हॉर्न बसवून आणला होता. पुढे पिवळे दिवे, त्यांच्यापुढे लोखंडी गार्ड. सगळं मिस्त्रीच्या हातचं. आबांच्या चेहऱ्यावर असा आनंद, की जणू भावजयीला पैठणीच आणली.

प्रेमाने केलेल्या गोष्टीवर रागावता येत नाही, आणि म्हणून तो राग जास्त जाळतो. मी चहा केला. हॉर्न छान आहे म्हणाले. आतल्या खोलीत नवऱ्याला विचारलं की वायरिंगला हात लावलाय का, तर म्हणाला, हॉर्नने काय होतंय?

काय होतं ते पहिल्या सर्व्हिसिंगला कळलं. पुण्याच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझरने बॉनेट उघडलं, आत वाकून पाहिलं आणि काळी चिकटपट्टी गुंडाळलेला एक जोड बोटाने वर उचलला. मग नवऱ्याला ओलांडून सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“मॅडम, वायर कापून जोडलीय. कंपनीची वॉरंटी गेलीच, आणि वाढीवही आता लागू होणार नाही. वाढीवचे पैसे परत मिळतील तुम्हाला.”

उघड्या बॉनेटसमोर कुणीतरी पहिल्यांदाच माझ्याशी बोललं होतं, आणि ते हे सांगायला. मला तिथेच ओरडावंसं वाटलं. नवऱ्याच्या चेहऱ्यावर मात्र सुटका दिसली. “चला, प्रश्नच मिटला,” तो म्हणाला. पुण्यापासून जेजुरीपर्यंत मी नुसती गाडी चालवली. पुढे जे बोलले ते त्याला चांगलं लक्षात असेल.

परतीच्या वाटेवर वडगावला थांबलो. आबा अंगणात बसले होते. नवऱ्याने झालेलं सांगितलं. आबांना वाईट वाटेल अशी मला वेडी आशा होती.

“बरं झालं की,” ते म्हणाले. “आता मिस्त्रीकडं न्यायला मोकळं.”

वाईट हेतू नव्हता, मला ठाऊक आहे. पण माझ्या तीन वर्षांचा निकाल लागला होता आणि तो लावताना आपण काही केलं हे कुणाच्या गावीही नव्हतं. जाणूनबुजून केलं असतं तर मी भांडले तरी असते.

“आबा,” मी म्हणाले, “दुसरी चावी द्या.”

 ते उठले, आतल्या खुंटीवरची चावी काढून आणली आणि माझा हात पुढे असताना नवऱ्याच्या हातात ठेवली.

मी हात मागे घेतला नाही, नुसता नवऱ्याच्या दिशेने वळवला. तो बघू म्हणेल असं वाटलं. या वेळी तो तसं म्हणाला नाही. चावी माझ्या हातावर आली तेव्हा त्याच्या घामाने ओली झालेली होती.

घरी जाताना वाटेत बैलगाड्या लागल्या. मी हॉर्न दाबला आणि गाडी आबांचं गाणं म्हणायला लागली.