पूजेत उभा राहिलो, हात जोडले नाहीत

आधी सेल्वी अक्काचं नाव लिहितो. ती नसती तर त्या दिवशीही मी मान खाली घालूनच खोलीवर गेलो असतो. अक्का तमिळ, देवीची भक्त. इकडं तमिळ मुलखात, गिंडीत आमच्या वर्कशॉपात पॅकिंग करते. मी श्रीरामपूरकडच्या ख्रिस्ती वस्तीतला, आठवीतून शाळा सुटलेला, लेथवर काम करणारा. या शहरात ‘तंबी, जेवलास का?’ असं मला विचारणारी पहिली तीच. तंबी म्हणजे धाकटा भाऊ.

आयुधपूजा होती. इथं त्या दिवशी मशिनींना चंदन-कुंकू लावतात, दारात कोहळा फोडतात, मुरमुरे वाटतात. माझी लेथ मीच पुसून लख्ख केली होती. दाराला केळीचा खांब मीच बांधला. चपला बाहेर काढून सगळ्यांसोबत उभा राहिलो. फक्त हात जोडले नाहीत. दरवर्षी असंच. कधी कुणी बोललं नव्हतं.

यंदा सुपरवायझर नवे. नाशिककडचे. आल्या दिवशी त्यांचं मराठी ऐकून मला आनंदानं रडूच यायचं बाकी होतं. त्यांनी आडनाव विचारलं. मग वस्ती विचारली. त्यानंतर माझ्या डब्याजवळ कधी बसले नाहीत.

कापूर पेटला. साहेब वळले, हसत हसत मराठीत म्हणाले, “काय रे पाववाल्या, हात मोडलेत का? तुझ्या आज्यानं मिशनच्या दुधाच्या भुकटीसाठी देव बदलला. तू मुरमुऱ्यांसाठी बदल की परत!”

आणि मूठभर मुरमुरे माझ्या लेथखालच्या ट्रेमध्ये टाकले. लोखंडाच्या किसात.

“खा. वेचून खायची सवयच आहे तुम्हा लोकांना.”

सगळे हसले. साहेब हसले म्हणून हसले. मराठी कुणालाच कळत नव्हतं. हीच तर चलाखी. माझ्या आईच्या भाषेत मला मारायचं. साक्षीदार नाही.

मी वाकलो. हो, वेचायलाच. नोकरी गेली तर? गावी आईला काय सांगू? बोटात किसाचं पातं घुसलं.

अक्का पुढं आली. “तंबी, एन्न सोन्नार?” काय म्हणाले ते?

“ओण्णुम इल्लै,” साहेब म्हणाले. काही नाही. गंमत.

“मी तंबीला विचारलंय,” अक्का तमिळमध्ये म्हणाली.

मी उठलो. माझं तमिळ मोडकं. पण एकेक शब्द सांगितला. आजा. भुकटी. वेचून खाणं. मोठ्यानं, कापराच्या ताटासमोर. हसू थांबलं. मग साहेबांना मराठीत म्हणालो, “तुमच्या देवापुढं मी चपला काढल्या, साहेब. धाकानं जोडलेले हात तुमच्या देवालासुद्धा नकोत.”

वर्कशॉपच्या मालकांनी विषय तोडून कोहळा फोडायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझी लेथ गेली. आता मी माल उचलतो. अक्काची खुर्ची काढून घेतली. ती आता दिवसभर उभ्यानं पॅकिंग करते.

रविवारी चर्चमध्ये हे सांगितलं. एक वडीलधारे म्हणाले, “सैतानाच्या पूजेत गेलासच कशाला?” बाकावरचे सगळे हसले. तेच हसू. मी तोंड उघडलं, तोवर गाणं सुरू झालं.

पुढच्या आयुधपूजेला मी तिथंच असेन. अनवाणी. हात न जोडता. माझ्या भाषेत दिलेली शिवी सगळ्यांच्या भाषेत सांगेन.

आणि अक्का, माझ्या अंगावर तुझं देणं आहे. आमच्या बाकावरून पुन्हा कुणी तुझ्या देवीला सैतान म्हणालं, की मी उठेन. तू माझ्यासाठी पुढं आलीस तसा. गाणं सुरू असलं तरी.