आधी आपली चूक, मग कोडबळं

फोन आला तेव्हा मी वॉर्डात दोन विद्यार्थिनींना औषधाच्या बाटलीवरचं लेबल तीनदा का वाचायचं ते समजावत होते. पलीकडे माझी वर्गमैत्रीण शैला होती. ती रडत म्हणाली, "अक्का गेल्या गं." बंगळूरात दर दुसरी बाई कुणाची ना कुणाची अक्का असते, त्यामुळे माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कुठल्या अक्का? पूर्ण नाव सांग." शैला रडता रडता हसायलाच लागली. तिचं हसणं ऐकून मलाही हसू आलं आणि मग रडू. अंबुजा अक्का गेल्याची बातमी आम्ही दोघींनी अशी घेतली. त्यांना ती पद्धत नक्की आवडली असती, कारण पूर्ण नाव विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही हे त्यांनीच आमच्या अंगी भिनवलं होतं.

नव्वदच्या सुमाराला माझ्या वडिलांची रेल्वेतली बदली नागपूरहून यशवंतपूरला झाली आणि मी इथल्या एका नर्सिंग शाळेत दाखल झाले. अक्का आमच्या ट्यूटर. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, पांढऱ्या साडीला इतकी कडक इस्त्री की बसताना आवाज यायचा. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बंगळूरचं, आणि त्यांची मराठी ऐकून पहिल्या दिवशी मी गोंधळून गेले. "नागपूर, स्वल्प इकडं ये की," असं त्या म्हणाल्या; 'स्वल्प' म्हणजे कन्नडमध्ये 'जरा'. माझं नाव त्यांना पाठ होतं, तरी शेवटपर्यंत मी त्यांच्यासाठी 'नागपूर'च राहिले. हजेरीच्या वेळी मात्र पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

शनिवारी दुपारी शेवटच्या तासाला अक्का एक स्टीलचा डबा घेऊन यायच्या. झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर निळ्या शाईत त्यांचं नाव. डब्यात घरी तळलेली कोडबळी, म्हणजे तांदळाच्या पिठाची तिखट, कुरकुरीत कडी. नियम एकच होता. आठवड्यात आपल्या हातून झालेली चूक उभं राहून सांगायची आणि कोडबळं घ्यायचं. पहिली चूक अक्कांची. त्यांनी सांगितलेली पहिलीच गोष्ट मला अजून आठवते. त्या नवशिक्या असताना पेशंटची नाडी अंगठ्यानं मोजायच्या. अंगठ्याला स्वतःची नाडी असते हे कुणी सांगितलंच नव्हतं. "पंधरा दिवस सगळ्या वॉर्डाची नाडी एकसारखी," अक्का म्हणाल्या, "डॉक्टर खूश, मी खूश. सगळ्यांच्या नावावर माझीच नाडी लिहीत होते की!" वर्ग हसून लोळला. त्यांनी शांतपणे एक कोडबळं उचललं आणि डबा पुढे सरकवला.

मी स्वतःला फार हुशार समजत असे. पहिलं वर्षभर उभी राहिलेच नाही, कारण माझ्या मते माझ्या हातून काही चुकतच नव्हतं. त्यामुळे मला नेहमी डब्याच्या तळाशी उरलेला चुरा मिळायचा. अक्का एकदा चुऱ्याकडे बघत म्हणाल्या, "नागपूर, तू एक तर फार चांगली आहेस, नाही तर फार कमी बघतेस." मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या वर्षी बायकांच्या वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर दोन लक्ष्मम्मा होत्या, दोघीही आनेकलच्या बाजूच्या. एकीला मधुमेह, तिला जेवणाआधी इन्सुलिन; दुसरी पायाच्या जखमेसाठी आलेली. अशा वेळी ओळख पटवायला नवऱ्याचं नाव विचारायची आमच्याकडे पद्धत होती. मी घाईत होते. सिरिंज भरून एका लक्ष्मम्माजवळ गेले आणि माझ्या तुटक्या कन्नडमध्ये विचारलं, यजमानांचं नाव मुनियप्पा ना? बाईनं पदर तोंडाला लावला, मान खाली घातली आणि लाजून हसली. मी ते 'हो' समजले. सुई देऊन झाली, मी वळले, तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "ननगे सूजी इल्वा?" मला सुई नाही का, असं दुसरी लक्ष्मम्मा विचारत होती.

इन्सुलिन चुकीच्या लक्ष्मम्माला गेलं होतं. आजूबाजूला दुसरी नर्स नव्हती. गप्प राहिले असते तर कदाचित काहीच झालं नसतं, कुणाला कळलंही नसतं. आणि कदाचित तासाभरात साखर उतरून ती बाई बेशुद्ध पडली असती आणि का पडली हे कुणालाच समजलं नसतं. सांगितलं तर माझं शिक्षण त्या दिवशी संपणार, वडिलांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हेही दिसत होतं. ते सगळं एखाद्या मिनिटात डोक्यातून गेलं... आणि मग मला अक्कांचा अंगठा आठवला. मी धावत सुटले.

अक्कांनी 'असं कसं केलंस' विचारलंच नाही. "किती दिलंस? कधी?" एवढंच. पुढच्या काही मिनिटांत डॉक्टर आले, ग्लुकोजचं पाणी आलं, जेवण आधी वाढलं गेलं, आणि मला खाटेशेजारी बसवून दर थोड्या वेळानं तपासायला सांगितलं. लक्ष्मम्मांना काय चाललंय ते कळेना, पण गोड पाणी, केळी आणि हात धरून बसलेली नर्स एवढी सरबराई त्यांना भलतीच आवडली. संध्याकाळी धोका टळला. मग अक्का मला घेऊन खाटेपाशी गेल्या आणि माझी चूक मलाच सांगायला लावली. कन्नड अडलं तिथं त्या पुरवत होत्या. लक्ष्मम्मांनी ऐकून घेतलं. मग पुन्हा लाजून म्हणाल्या की परका माणूस नवऱ्याची गोष्ट काढतो तेव्हा बाई लाजणार नाही तर काय करणार. आणि ते गोड पाणी अजून आहे का, हेही विचारलं.

मेट्रन मला काढून टाकायच्या बेतात होत्या. मी दाराबाहेर उभी होते, आतला अक्कांचा आवाज स्पष्ट येत होता. "ही पोरगी आपण होऊन धावत आली म्हणून बाई वाचली. हिला घालवलीत तर उद्याची पोरगी येणार नाही. आणि नवऱ्याचं नाव विचारायला आपणच शिकवलं. तीस वर्षं झाली लग्नाला, मी तरी आमच्यांचं नाव घेते का?" मग मेट्रन हसल्याचा आवाज आला. त्या महिन्यापासून आमच्याकडे पेशंटला स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडानं सांगायला लावायचं आणि जोडीला वडिलांचं नाव विचारायचं असं ठरलं. वडिलांचं नाव घ्यायला कुणी लाजत नाही.

त्या शनिवारी मी पहिल्यांदा उभी राहिले. सांगून झाल्यावर अक्कांनी डबा उघडला, वरचं अख्खं कोडबळं काढून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "सरी, ठीक. आता तू नर्स झालीस." तसं तिखट कोडबळं मी पुन्हा खाल्लं नाही, आणि डोळ्यांतलं पाणी तिखटाचं होतं असं मी शैलाला अजूनही सांगते.

तेराव्याला गेले तेव्हा अक्कांच्या यजमानांनी तो डबा माझ्या हातात दिला. झाकणावरची पट्टी नवी होती, आजारपणात बदललेली असावी. अक्षर थरथरलेलं, पण नाव पूर्ण. अंबुजाबाई यशवंतराव. "माझं नाव तोंडानं कधी घेतलं नाही," ते पट्टीवरून बोट फिरवत म्हणाले, "डब्यावर मात्र दर वर्षी लिहायची."

मी आता शिकवते, म्हणून गेल्या शनिवारी डबा वर्गात नेला. कोडबळी माझी, जरा मऊच झाली होती. आधी दोन लक्ष्मम्मांची गोष्ट सांगितली आणि माझं कोडबळं घेतलं. मुली हसल्या. शेवटच्या बाकावरची एक मुलगी, वर्गातली सगळ्यात हुशार, वर्षभरात एकदाही न चुकलेली, हळूच उभी राहिली. "मॅडम, आज सकाळी..."

मी डबा तिच्याकडे सरकवला.