टोपलीला झाकण नव्हतं

आमच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. म्युनिसिपालिटीचे तेव्हाचे सभासद गेले, पण त्यांची नातवंडं रस्त्यात भेटतात आणि अदबीने बोलतात. रत्नागिरी जिल्ह्यातलं खाडीकाठचं गाव, एक पेठ, एक म्युनिसिपालिटी आणि तिला काम कमी, एवढं पुरे.

लग्न होऊन मी देवरूखकडच्या डोंगरातून खाडीवर आले, तेव्हा आईने माझ्याबरोबर एक तांबडी तलंग दिली होती. अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, पायाला सुंभ बांधलेली. पुढच्या वर्षी आई गेली. नवरा बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा घरी. तलंगेची लेक, मग नात, अशी माझी माहेरची माणसं परसात नांदत होती. तिचे कोंबडे तांबडेलाल आणि छातीने भरदार निघत. परसाच्या दगडी गडग्यापलीकडे वकील राहत. त्यांच्या आंब्याच्या बागेची राखण दर वर्षी आमच्याच कोंबड्याने व्हायची. आंबा उतरवायच्या आधी बागेच्या राखणदार देवाला कोंबडा कापून द्यायचा, ही इथली रीतच. त्या घरात कोंबडीचं नाव काढलं तरी विटाळ, म्हणून त्यांची जमीन कसणारं कूळ तो गुपचूप परसातून घेऊन जाई.

मिठाची चळवळ नुकतीच होऊन गेली होती. सगळा देश सरकारचे कायदे मोडायला निघालेला, आणि आमच्या सभासदांना सुचला कोंबड्यांचा कायदा! वस्तीत कोंबडी मोकळी सोडू नये, मोकळी सापडल्यास कोंडवाड्यात जमा करावी. ठराव आणला होता वकिलांनीच. आरवण्याने त्यांची झोपमोड होत होती म्हणे. दवंडी ऐकून लोकांनी घाबरून कोंबड्या कापून खाल्ल्या. मीही बाकीच्या, पांढऱ्या आणि ठिपक्यांच्या कवड्या, वाटून टाकल्या. पलीकडच्या मोहल्ल्यातल्या माझ्या मैत्रिणीने त्यांतल्या काही आपल्या परसात माडाच्या विणलेल्या झापाखाली दडवल्या. मी माहेरची तांबडी मात्र ठेवली, कारण ती खुडूक बसली होती. मागच्या पडवीत, टोपलीत पेंढा घालून, तिच्याखाली तिचीच अंडी. तांबडे कोंबडे राखणेत गेले होते, त्या वंशाचं आता तेवढंच उरलं होतं.

खुडूक कोंबडी कशी असते हे ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. दाण्यापुरती उठते, की पुन्हा अंड्यांवर. हात लावला तर टोचते, पण जागा सोडत नाही. आणि म्युनिसिपालिटीच्या शिपायाने आमच्या आळीत मोकळी कोंबडी म्हणून धरली ती नेमकी हीच! मी विहिरीवर गेले होते. दोन-चार मोकाट कोंबड्या खरोखरच होत्या गडग्यावर, त्या उडून गेल्या. जी पळाली नाही ती सापडली.

शिपाई मला वाटेतच भेटला, तिला काखोटीला मारून. म्हणाला, "बाय, मी काय करू? एक तरी धरून आण म्हणून सांगितलंनी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंडी फडक्यात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवली आणि तशीच ओल्या लुगड्याने कचेरीत गेले. वकील तिथेच होते.

मी म्हटलं, "साहेब, माझी कोंबडी टोपलीत बसली होती. ती मोकळी कशी?"

"बांधलेली होती का?"

"खुडूक कोंबडीला कोण बांधतो?"

"टोपलीला झाकण होतं?"

"नव्हतं."

"मग कायद्याने ती मोकळीच," ते म्हणाले आणि पानाला चुना लावू लागले.

तो चुना लावणारा हात मला अजून दिसतो. एवढं शिकलेला माणूस, आणि अक्कल वापरली ती झाकणावर! कोंडवाड्याचा रखवालदार घरी गेलाय, उद्या या, असं कारकुनाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी दंड भरून तिला आणली. तिने टोपलीभोवती दोन फेऱ्या मारल्या, अंड्यांकडे पाहिलं आणि चरायला निघून गेली. चुलीची ऊब म्हणजे काय आईचं पोट? मी एक अंडं फोडलं. आत पिसं धरलेलं पिल्लू होतं. मी परसात बसून मोठ्याने रडले, आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

तांबडी त्यानंतर पुन्हा कधी अंड्यावर आली नाही. पावसाळ्यात ती मेली.

पुढच्या वर्षी आंब्याला कणीएवढी फळं धरली आणि सभासदांचे डोळे उघडले. गावात राखणेला कोंबडाच मिळेना! लगेच नवा ठराव आला, की धर्मकृत्यासाठी कोंबडा पाळण्यास हरकत नाही. कोंबडीला मनाई कायम. त्या दिवशी मी आणि माझी मैत्रीण सभेत जाऊन मागे उभ्या राहिलो. बायकांनी तिथे जायची पद्धत नव्हती. ठराव वाचून झाला आणि मला राहवलं नाही.

"कोंबडा काय माडाला लागतो?" मी विचारलं.

सगळी सभा हसली. वकीलही हसले. ते हसले म्हणून माझा राग दुप्पट झाला. मी पुढे जाऊन म्हटलं, "हसू नका. अंडी कोण घालणार ते आधी सांगा, मग ठराव करा."

कारकुनाने ठरावाचा कागद परत वकिलांपुढे सरकवला. त्याच बैठकीत कोंबड्यांवरची मनाई उठली. मैत्रिणीने दडवलेल्या कोंबड्या-कोंबडे डालग्यात घालून परत दिले, आणि परसात पुन्हा आरवणं सुरू झालं.

दोन दिवसांनी वकिलीणकाकू गडग्यापाशी आल्या. मला कधी परसात येऊन हाक न मारणाऱ्या काकू त्या दिवशी गोड बोलत होत्या.

"राखणेला कोंबडा हवा गो. तुझ्या माहेरचा तांबडाच दे हो, आमच्या राखणदाराला तोच मानवतो."

माझ्या पायांत पांढरे, कवडे कोंबडे दाणे टिपत होते. मी त्यांतला एक धरून गडग्यावर ठेवला.

"तांबडा कुठाय?"

"तो अंड्यातच राहिला, काकू," मी म्हटलं. "टोपलीला झाकण नव्हतं ना."