तिसरं काज

ती माणसाचा चेहरा नंतर बघायची, आधी काजं. समोर कुणी आलं की तिची नजर गळ्यापासून बटणाबटणानं खाली उतरायची आणि मनातल्या मनात निकाल लागायचा. "रेडीमेड," असं ती म्हणाली की त्या माणसाचा विषय संपला. जानेफळात तिच्या अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. कापणं-शिवणं त्यांचं, काज-बटण हिचं. शाळेत मुलं तिला चिडवायला 'काजवाली' म्हणत. पुढे मोबाइलवर व्हिडिओ टाकायला लागली, तेव्हा तिनं तेच नाव घेतलं.

व्हिडिओत ती सुई चालवत वऱ्हाडीत बोलायची. पुढाऱ्यांचे कडक सदरे, नवरदेवांचे उसने कोट, कुणालाही सोडायची नाही. "कपडा उसवला त शिवता येते, माणूस उसवला त कोणता टेलर शिवन?" मी तिची वर्गमैत्रीण, पुस्तकात तोंड खुपसून बसणारी. तिच्या एका वाक्यापुढे माझी वाचलेली दहा पानं फिकी पडत.

व्हिडिओंखाली शहाण्यांनी आधी तिची बोली गावंढळ ठरवली. मग कुणीतरी तिचं आडनाव शोधून काढलं आणि बोलीचा प्रश्नच मिटला. 'आमची मराठी बाटवू नको.' 'तिकडे निघून जा.' पुढचं मी लिहिणार नाही. लिहिणारे सगळे वाघ, सिंह आणि तलवारी. स्वतःचं नाव एकालाही नाही. मराठीत काठावर पास झालेली ही मंडळी मराठीची राखण करत होती, तीही एका ओळीत चार चुका करून. ती मला मोठ्यानं वाचून दाखवायची आणि हसायची. "यायच्या तोंडाले काजं असती त म्या बटनं लावून देली असती." हसता हसता एकदा तिनं सुई बोटात घुसवून घेतली. ते हसू खरं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

सगळ्यांत घाण लिहिणाऱ्या वाघानं फोटोत तोंड कापून नुसती छाती ठेवली होती. तिनं फोटो मोठा केला. "हे पाह्य. तिसरं काज निळं." एकदा लाइट गेली असताना तिनं पांढरा समजून निळा दोरा ओवला होता आणि अब्बांची बोलणी खाल्ली होती. सदरा गावातल्या एका बड्या घरच्या पोराचा. अब्बा त्याला 'छोटे मालक' म्हणत.

"बेटा, चूप राह्य," अब्बा म्हणाले. "आपल्याले याच गावात राह्याचं हाय."

ती गप्प राहिली नाही. छोटे मालक बहिणीच्या लग्नाचे कपडे न्यायला आले तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं होती, मीही होते.

"भाऊ, फोटोतला सदरा आणून द्या. तिसरं काज निळं झालं. बदलून देईन."

"कोणता फोटो वं?"

"ज्याच्यात वाघाले तोंडच नाही, तो."

एरवी वीस-वीस ओळी लिहिणाऱ्या वाघानं घाईघाईनं पैसे टेकवले. पिशवी उचलून तो निघून गेला.

आठवड्याभरात गावाच्या व्हॉट्सॲप गटावर ठरलं, त्या दुकानात कपडे टाकायचे नाहीत. लोक न शिवलेली कापडं परत न्यायला आले. काहींनी तर वर सांगितलं, "माप तेवढं लिहून दे, दुसऱ्या टेलरले लागते." तिनं प्रत्येकाला सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. मी त्या गटात होते. सगळं वाचलं, एक शब्द लिहिला नाही. त्याला मी समजूतदारपणा म्हणत असे.

ती आणि अब्बा अकोल्याला गेले. ती रेडीमेडच्या कारखान्यात लागली, व्हिडिओ बंद झाले. "काज मशीनच करते," फोनवर म्हणाली. "म्या निसतं कापड सरकवते. बोलाले काही उरलं नाही." गेल्या पावसाळ्यात डेंग्यूनं ती गेली.

दुसऱ्याच दिवशी छोट्या मालकांनी गटावर टाकलं : 'आपल्या गावची गुणी लेक हरपली. भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली जोडलेल्या हातांची रांग. या वेळी नाव खरं होतं. नावाशेजारचा त्याचा फोटो तोच, फक्त तोंडासकट. बदलण्याइतकीही लाज त्याला वाटली नव्हती.

मी फोटो मोठा केला. मग त्या गटावर पहिल्यांदाच लिहिलं, "तिसरं काज तिच्या हातचं आहे. सदरा उतरव."